हृदयक्रिया थांबणे : रुग्णालयातील प्रतिबंध व उपचार

दाखल रुग्णाच्या हृदयाचे रक्त ढकलणे थांबून नाडी लागेनाशी होणे, शुद्ध हरपणे व श्वास बंद पडणे किंवा नुसते आचके लागणे, या अवस्थेला ‘कार्डिअॅक अरेस्ट’ म्हणतात. हृदयविकाराचा झटका हे तिचे एक कारण. रक्तस्राव, प्राणवायूची कमतरता, जंतुसंसर्गाने कोसळलेला रक्तदाब, वाढलेले पोटॅशियम, फुप्फुसात अडकलेली गुठळी यांनीही हृदय थांबते.

वॉर्डातल्या पुष्कळ रुग्णांत ही वेळ सांगून येते. काही तास आधीपासून श्वास वाढतो, ऑक्सिजन उतरतो, रुग्ण असंबद्ध बोलू लागतो. पूर्ण मिनिटभर श्वास मोजायला कोणतेही यंत्र लागत नाही, तरी तेच सर्वांत जास्त राहून जाते. अशा नोंदींना गुण देऊन धोका ओळखण्याची ‘न्यूज’ (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) पद्धत ब्रिटनमध्ये २०१२ साली आली. ‘पेशंट बरा दिसत नाही’ हे नातेवाइकांचे बोलणेही नोंदीइतकेच गांभीर्याने घ्यावे.

कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालयात डोंगराळ तालुक्यांतूनही रुग्ण येतात. पावसाळ्यातला मण्यारदंश हे प्रतिबंधाचे ठळक उदाहरण आहे. जखम दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. हृदय थांबते ते प्राणवायूअभावी. म्हणून प्रतिविषाबरोबर वेळीच श्वासनलिकेत नळी घालून कृत्रिम श्वास दिला, तर धडधाकट हृदय थांबण्याची वेळच येत नाही.

हृदय थांबल्यास मदतीची हाक देऊन लगेच छातीच्या मध्यभागी दाब सुरू करतात : मिनिटाला १०० ते १२०, प्रौढांत ५ ते ६ सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देऊन. दाबणारा दर २ मिनिटांनी बदलतात, कारण थकलेल्या हातांचा दाब उथळ होतो. नळी घालेपर्यंत ३० दाबांमागे अंबू बॅगने (हाताने दाबून श्वास देण्याची मास्कची पिशवी) २ श्वास देतात. मॉनिटरवर हृदयाची नुसती थरथर दिसली तर विजेचा शॉक तातडीने देतात. सरळ रेषेवर शॉकचा उपयोग नसतो. तेथे दाब, दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम अॅड्रेनलिन आणि मूळ कारणाचा शोध चालू ठेवतात.

नाडी परतल्यावर रुग्णाला अतिदक्षता विभागात ठेवून रक्तदाब सांभाळतात, ताप येऊ देत नाहीत व गरजेनुसार अँजिओग्राफी करतात. असाध्य आजाराच्या अखेरच्या टप्प्यात हे प्रयत्न न करण्याचा निर्णय कसा घ्यावा, याविषयी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. रुग्ण व नातेवाइकांशी ते बोलणे आधीच व्हावे लागते.