पॉलिटीच्या नोट्समध्ये विदर्भ कुठं आहे? पंचायत राजची थोडी मागची गोष्ट

एमपीएससीच्या (राज्य लोकसेवा आयोगाच्या) परीक्षेसाठी पॉलिटी म्हणजे राज्यव्यवस्था शिकणाऱ्या कोणाच्याही पंचायत राजच्या नोट्स उघडा, सुरुवात ठरलेली. लॉर्ड रिपन १८८२, मग १८८४ चा मुंबई लोकल बोर्ड कायदा, मग १९२० चा मुंबई ग्रामपंचायत कायदा, १९२३, १९३३, १९५८ आणि मग एकदम वसंतराव नाईक समिती. आपल्याकडचे पोट्टे तालुक्याच्या अभ्यासिकेत बसून हीच यादी पाठ करून राहिले, आणि या यादीतला अर्धा माल आपल्या गावात कधी लागूच नव्हता हे कोणी सांगतही नाही. आपण मुंबई प्रांतात होतोच कुठं बापा?

नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हा भाग मध्यप्रांतात. मध्यप्रांत १८६१ ला तयार झाला. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ म्हणजे वऱ्हाड, ते कागदावर निजामाचं, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांचा, आणि १९०३ मध्ये ते मध्यप्रांताला जोडलं. पुढं १९३६ पासून नावच 'मध्यप्रांत व वऱ्हाड'. राजधानी नागपूर. म्हणजे रिपनचा १८ मे १८८२ चा स्थानिक स्वराज्याचा ठराव दोन्हीकडे सारखा, पण त्यानंतर फाटे फुटले. मध्यप्रांताचा स्थानिक स्वराज्याचा कायदा १८८३ चा आहे, मुंबईच्या एक वर्ष आधीचा. १९२० मध्ये मध्यप्रांतानं आपला वेगळा पंचायत कायदा केला. गाइडवाल्यांना हे माहीत नसेल असं नाही, पण गाइड पुण्यात बसून लिहिल्या जाते आणि आयोगानं आजवर विचारलं नाही तर कोण कशाला पानं वाढवेल.

खरी मजा १९४८ मध्ये आहे, आणि तिथं जरा थांबू.

स्वातंत्र्यानंतर लगेच मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारनं स्थानिक शासनाचा नवा कायदा केला, त्याला सगळे 'जनपद योजना' म्हणत. कल्पना मुख्यतः तिथले मंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांची. आधीच्या जिल्हा कौन्सिली मोडीत काढायच्या आणि तहसील हेच एकक धरायचं, प्रत्येक तहसिलीला एक निवडलेली जनपद सभा, तिच्याकडं प्राथमिक शाळा, रस्ते, दवाखाने, आणि हळूहळू सरकारी खात्यांची कामंसुद्धा. जिल्ह्याला निवडलेली बॉडी नाहीच. विचार सरळ होता. बैलगाडीच्या जमान्यात माणूस तहसिलीच्या गावाला बाजाराच्या दिवशी जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकत होता, जिल्ह्याच्या ठिकाणी जाणं म्हणजे मुक्काम. म्हणून सत्ता तिथं ठेवा जिथं माणूस पोचते.

आजही याचा पुरावा पाहायचा असेल तर जात पडताळणीची फाइल करणाऱ्या कोणाही माणसाची पिशवी बघा. त्यात कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल असते आणि आजोबाच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल असते, कारण ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागते, भटक्या विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, आणि एससी एसटीला १९५० च्या आधीचा. जुनी शाई, कोपरे खाल्लेलं पान, आडनावाच्या जागी कधी नुसतीच जात लिहिलेली, आणि रजिस्टर १९५० च्या दशकातलं असेल तर शाळेच्या नावापुढं 'जनपद सभा'. पोट्टा ती झेरॉक्स तीन वेळा अटेस्टेड करून आणते, पण जनपद सभा काय होती हे त्याला पॉलिटीच्या क्लासमध्ये कोणी सांगितलेलं नसते. म्हातारी माणसं अजूनही जिल्हा परिषदेच्या शाळेला 'जनपदची शाळा' म्हणून जातात एखाद्या वेळी.

जनपद सभा हा शब्द सुप्रीम कोर्टातही गाजला आहे हे अजून एक. छिंदवाड्याच्या जनपद सभेनं कोळशावर वाढीव उपकर बसवला, खाणवाले कोर्टात गेले, वसुली बेकायदा ठरली, मग विधिमंडळानं तीच वसुली कायदेशीर ठरवणारा कायदा केला, आणि १९७० मध्ये सुप्रीम कोर्टानं तोही पाडला. मुद्दा असा की मूळ कायद्यातला दोष दुरुस्त न करता नुसता निकाल उलटवायचा कायदा विधिमंडळाला करता येत नाही. सत्ता विभाजनावर उत्तर लिहिताना सगळे केशवानंद भारती (१९७३) लिहितात, हा आपल्या शेजारचा खटला कोणी लिहित नाही.

आता १९४८ मध्येच तिकडं दिल्लीत काय चालू होतं ते बघा. ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी घटनेचा मसुदा मांडला आणि खेडं म्हणजे संकुचितपणाचं, अज्ञानाचं, जातीयतेचं घर आहे, घटनेचं एकक व्यक्ती ठेवली हे बरंच झालं अशा अर्थाचं बोलले. गांधीवादी सभासद नाराज. २२ नोव्हेंबरला के. संथानम यांची दुरुस्ती आली आणि ग्रामपंचायती मार्गदर्शक तत्त्वांत बसल्या, तोच आजचा अनुच्छेद ४०. परीक्षेत हा एक मार्काचा प्रश्न असतो, पण भांडण केवढं मोठं आहे. आणि मला आंबेडकरांचं म्हणणं चुकलेलं वाटत नाही. ज्या गावात पाणवठा वेगळा होता त्या गावाच्या पंचायतीला बिनशर्त सत्ता द्यायची म्हणजे कोणाच्या हातात द्यायची हा प्रश्न त्यांनी विचारला होता. त्याचं घटनात्मक उत्तर यायला १९९२ उजाडलं, ७३ व्या दुरुस्तीनं एससी, एसटी आणि महिलांना राखीव जागा दिल्या तेव्हा. ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली. त्याच्या आधी १९८९ चं ६४ वं दुरुस्ती विधेयक राज्यसभेत पडलं होतं, हे सगळ्यांना पाठ आहे, पुढं जाऊ.

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मध्यप्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. राज्य पुनर्रचनेच्या फजल अली आयोगानं तर वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, ते झालं नाही, त्याऐवजी आधीच झालेला २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार, दरवर्षी नागपूरला एक अधिवेशन, आणि सातव्या दुरुस्तीनं अनुच्छेद ३७१(२). त्यातली विकास मंडळं यायला १९९४ लागलं आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. यावर चिडचीड करायला वेगळा लेख पाहिजे.

तर नवीन राज्याच्या हातात तीन घड्या आल्या. पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा लोकल बोर्ड, विदर्भात तहसिलीच्या जनपद सभा, आणि मराठवाड्यात हैदराबाद संस्थानाची तिसरीच व्यवस्था. नाईक समिती समजून घ्यायची तर इथून घ्यावी लागते. क्लासमध्ये सांगतात की केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीच्या शिफारशी (नोव्हेंबर १९५७) महाराष्ट्रात कशा लागू करायच्या यासाठी नाईक समिती नेमली, २७ जून १९६० ला नेमली, १५ मार्च १९६१ ला अहवाल. बरोबर आहे, पण अर्धंच. राज्याला एक कायदा पाहिजे होता, तीन तुकडे चालणार नव्हते.

आणि इथं निवड आली. मेहता समिती म्हणत होती की खरी ताकद गट पातळीला, म्हणजे पंचायत समितीला द्या, जिल्हा परिषद फक्त सल्ला द्यायला आणि देखरेखीला. विदर्भाची जनपद सभा याच्या जवळची होती. नाईक समितीनं उलट केलं, जिल्हा परिषद सगळ्यात मजबूत. तालुका आर्थिकदृष्ट्या लहान पडते, तज्ज्ञ अधिकारी तालुक्या-तालुक्याला परवडत नाही, योजना जिल्ह्याच्या आकारातच बसते असा तर्क. कलेक्टरला बाहेर ठेवलं, वेगळा मुख्य कार्यकारी अधिकारी दिला, आमदार खासदारांना जिल्हा परिषदेचं सभासद करू नका म्हटलं. १९६१ चा कायदा आला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, आपल्या जनपद सभा गेल्या.

यात एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. वसंतराव नाईक स्वतः गहुलीचे, पुसद तालुका, यवतमाळ जिल्हा. १९५२ ते ५६ ते जुन्या मध्यप्रदेशात महसूल खात्याचे उपमंत्री होते. म्हणजे जनपद व्यवस्था त्यांनी फक्त कागदावर वाचली नव्हती, तिच्याच सरकारात बसून पाहिली होती, आणि तरी त्यांच्या समितीनं जिल्हा निवडला. जनपद सभांजवळ पैसा कमी आणि काम जास्त होतं हे त्यांनी जवळून पाहिलं असणार असा माझा अंदाज, पण अंदाजच. पश्चिम महाराष्ट्राचं राजकारण जिल्हा लोकल बोर्डांवर उभं होतं हेही विसरून चालत नाही. पुढची बोंगिरवार (१९७०), बाबुराव काळे (१९८०), पी. बी. पाटील (१९८४) ही समित्यांची यादी म्हणजे याच निवडीची डागडुजी आहे असं धरून वाचलं तर सन आपोआप लक्षात राहतात.

परीक्षेचाही इतिहास असाच आहे. १९३७ मध्ये नागपूरच्या किंवा अमरावतीच्या उमेदवाराला मुंबईच्या आयोगाकडं जायचं नव्हतं, मध्यप्रांत, बिहार आणि ओडिशाचा मिळून एकच लोकसेवा आयोग होता. एमपीएससी तर १९६० ची. आणि 'गव्हर्नन्स' हा शब्द पेपरात ठळक आला तो २०१३ ला, यूपीएससीनं मुख्य परीक्षा बदलून जीएस २ मध्ये (सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात) शासनव्यवहार, संविधान, राज्यव्यवस्था एकत्र टाकले तेव्हा. त्याच्या आधी २००५ ला माहितीचा अधिकार आला होता, त्याच वर्षी दुसरा प्रशासकीय सुधारणा आयोग नेमला गेला. आपल्या राज्याचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' ऐकलेल्या पोट्ट्यानं या कायद्यावर उत्तर लिहायला कमी पडू नये: ठरलेली मुदत, पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोगाकडं तिसरं, आणि कसूर झाली तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड.

पेसाचं तर काय सांगायचं. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा केंद्राचा कायदा, महाराष्ट्राचे नियम यायला २०१४. मधल्या काळात गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ ला बांबूचा वाहतूक पास स्वतःच्या ग्रामसभेच्या हातात घेतला. बांबू झाड आहे का गवत यावर वनखात्याशी घासाघीस झाली तेव्हा वनहक्क कायद्यातली गौण वनोपजाची व्याख्या गावानं वाचून ठेवली होती. ग्रामसभा आणि ग्रामपंचायत यातला फरक नोट्समध्ये चार ओळीत असतो, इथं तो ट्रक भरताना दिसला.

एमपीएससी मुख्य परीक्षा २०१२ पासून जवळपास पूर्ण ऑब्जेक्टिव्ह होती, तेव्हा सन पाठ असले की भागत होतं. आता लेखी पॅटर्न आला, २०२३ लाच येणार होता, पोरं रस्त्यावर आली म्हणून २०२५ वर गेला. जीएस २ अडीचशे मार्कांचा, आणि त्यात 'नाईक समितीनं जिल्हा का निवडला' असं विचारलं तर सनांची यादी कामाची नाही.

असा अजून एक जिवंत प्रश्न म्हणजे सुप्रीम कोर्टाचा ४ मार्च २०२१ चा गवळी निकाल. वाद कुठला होता? वाशीम, अकोला, नागपूर, भंडारा, गोंदिया या जिल्हा परिषदांचा. १९६१ च्याच कायद्याचं कलम १२, त्यातलं ओबीसींचं २७ टक्के आरक्षण सरसकट देता येणार नाही, आधी आयोग नेमून माहिती गोळा करा, मग स्थानिक संस्थेप्रमाणे प्रमाण ठरवा, आणि एकूण ५० टक्क्यांवर जाऊ नका, ही ती तिहेरी चाचणी. त्यानंतर निवडणुका लांबत गेल्या आणि २०२२ पासून राज्यातल्या बऱ्याच जिल्हा परिषदांवर प्रशासक बसला. अनुच्छेद २४३-ई म्हणते मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या. आणि प्रशासक कोण, तर तोच मुख्य कार्यकारी अधिकारी, जो नाईक समितीनं निवडून आलेल्या अध्यक्षाच्या हाताखाली काम करायला दिला होता.