झुडपी जंगल कुणाचं? निस्तार पत्रकापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर किंवा गडचिरोलीतल्या एखाद्या खेड्याचं निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या वापराची नोंद, उघडलं, की कुठल्या ना कुठल्या खसऱ्यापुढे (जमिनीच्या क्रमांकापुढे) 'झुडपी जंगल' असं लिहिलेलं सापडतं. जागेवर जाऊन पाहावं तर तिथे जिल्हा परिषदेची शाळा असते, पाण्याची टाकी असते, पंधरा-वीस घरं असतात. उरलेल्या मुरमाड टेकाडावर बोर, पळस, चिल्हाटी आणि चरणारी गुरं. कागद आणि जमीन यांच्यातल्या या तफावतीवर 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : झुडपी जंगल हे कायद्याने वनच आहे. निकालावर बोलणारे बहुतेक जण 1980 पासून सुरुवात करतात. गावाच्या दृष्टीने गोष्ट त्याआधीची आहे, आणि ती कळल्याशिवाय पुढचं भांडण नीट लढता येणार नाही.

आधी एक साधा प्रश्न. झुडपी जंगल याच सहा जिल्ह्यांत का, अमरावती-यवतमाळात का नाही? कारण वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा, आणि इकडे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून भरायचा. 1853 मध्ये नागपूरकर भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि पुढच्या बंदोबस्तात मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. मालकी म्हणजे शेतसारा गोळा करण्यापुरती नव्हे, तलाव, पडीक आणि रानासकट सगळ्या गावाची. पण त्या पडिकावर गावकऱ्यांचा निस्तार होता. गुरं चारणं, जळतन आणणं, नांगराला आणि घराला लाकूड, भिंतीला माती, आढ्याला गवत. हे हक्क 'वाजिब-उल-अर्ज' या गावाच्या रूढी-हक्कांच्या दप्तरात नोंदले गेले. मालक मालगुजार असला तरी वापर गावाचा, ही त्या व्यवस्थेची चौकट होती.

1950 च्या मालकी हक्क संपुष्टात आणण्याच्या मध्य प्रदेशच्या कायद्याने मालगुजारी गेली आणि 1951 पासून या जमिनी सरकारजमा झाल्या. मामा (माजी मालगुजारी) तलाव सरकारकडे आले तसंच हे पडीकही आलं. मग महसूल खात्याने गावोगाव निस्ताराची वर्गवारी लिहिली. मोठ्या झाडांचं रान ते 'बडे झाड का जंगल', खुरटं ते 'छोटे झाड का' किंवा 'झुडपी जंगल', शिवाय गुरचरण, आखर (गुरं गोळा करण्याची जागा), स्मशान, खळवाडी. हे शब्द पटवाऱ्याने शिवारात जे दिसलं त्यावरून लिहिले. वनशास्त्राचं कुठलंही मोजमाप त्यात नव्हतं. नांगर चालत नाही अशी मुरमाची, दगडाची जमीन आणि वर झुडपं, एवढाच त्याचा अर्थ. तो रकाना लिहिण्याचा हेतू वन राखणं हा नव्हता. गावाच्या गुरांना जागा राखून ठेवणं हा होता.

1 नोव्हेंबर 1956 ला हे जिल्हे मुंबई राज्यात आले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 मध्ये विदर्भासाठी निस्ताराची वेगळी कलमं ठेवली गेली. कलम 161 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याने प्रत्येक गावाच्या बिनभोगवट्याच्या जमिनीच्या व्यवस्थेची योजना म्हणून निस्तार पत्रक तयार करायचं, त्याचा मसुदा गावात प्रसिद्ध करायचा आणि रहिवाशांची इच्छा विचारून ते पक्कं करायचं. चराई, लाकूड, जळतन, मुरूम, वाळू, दगड कोणत्या अटींवर घ्यायचं हे कलम 162 प्रमाणे त्यात यावं लागतं. पत्रकात बदल हवा असेल तर ग्रामपंचायतीने मागणी करायची, आणि पंचायत नसेल तर गावातल्या किमान एक चतुर्थांश प्रौढ रहिवाशांनी अर्ज करायचा. इतकी स्पष्ट तरतूद हातात असताना बहुतेक ग्रामपंचायतींनी ती कधी वापरलीच नाही, ही या विषयातली सर्वांत मोठी हानी.

आता 1980. त्या वर्षी 25 ऑक्टोबरला वन संरक्षण कायदा लागू झाला आणि वनजमीन दुसऱ्या कामाला वापरण्याआधी केंद्राची मंजुरी घेणं राज्यांवर बंधनकारक झालं. मुद्दा असा उभा राहिला की ज्या रकान्यात 'जंगल' शब्द आहे ती जमीन वन धरायची का? महसूल खातं म्हणायचं, ही महसुली जमीन, निस्ताराची. वन खातं म्हणायचं, नोंद जंगलाची आहे. या वादात राज्याने जमिनींची छाननी केली. सुमारे 1 लाख 78 हजार हेक्टर झुडपी जंगलापैकी सुमारे 92 हजार हेक्टर वनव्यवस्थापनाला योग्य ठरलं आणि 86 हजार हेक्टरांवर जमीन तुकड्या-तुकड्यांची, वनासाठी अयोग्य म्हणून बाजूला निघाली. आजचा सगळा वाद या 86 हजारांचा आहे.

छाननी झाली, पण केंद्राची मंजुरी घेतली गेली नाही. आणि वाटप थांबलं नाही. शाळा, दवाखाने, रस्ते, भूमिहीनांना पट्टे, आणि त्याच प्रवाहात व्यापारी कामांनाही जमिनी देण्यात आल्या. शाळेला जागा देणारा आणि धंद्याला जागा देणारा आदेश एकाच कचेरीतून, एकाच पद्धतीने निघत होता. कायद्याच्या नजरेत दोन्ही सारखेच सदोष. म्हणून पुढे जे अडकलं ते सरसकट अडकलं, आणि त्याची झळ धंद्यापेक्षा शाळेला आणि घरकुलाला जास्त बसली. नाव लागत नाही, कर्ज मिळत नाही, घरकुलाचा प्रस्ताव 'जागा झुडपी' या शेऱ्यावर परत येतो. हा दोष राज्याचा आहे. ज्याला तहसील कचेरीने शिक्क्याचा कागद दिला, त्या माणसाचा नाही.

12 डिसेंबर 1996 ला गोदावर्मन या वनतोडीविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'वन' शब्दाची व्याप्ती ठरवली : शब्दकोशाच्या अर्थाने जे वन ते वन, आणि मालकी कुणाचीही असो, सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेलं क्षेत्रही वन. पटवाऱ्याने लिहिलेला तो एक शब्द त्या दिवशी देशाच्या कायद्याचा भाग झाला. कायद्याचा तर्क म्हणून यात खोट काढता येत नाही. फक्त त्या रकान्यातला 'निस्तार' हा दुसरा शब्द मागे पडला.

2025 च्या निकालाने तारखांनी तीन भाग पाडले आहेत. 12 डिसेंबर 1996 पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राकडे मंजुरी मागायची. त्यासाठी भरपाई वनीकरण, म्हणजे गेलेल्या वनाच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावणं, नाही आणि वनजमिनीच्या निव्वळ वर्तमान मूल्याची (वन गमावल्यापोटीच्या किमतीची) रक्कमही भरायची नाही. मात्र पुढे वापर बदलता येणार नाही आणि जमीन फक्त वारसाहक्काने जाईल, विकता येणार नाही. त्यानंतरच्या वाटपात कुणी, का दिलं हे सांगावं लागेल, अधिकाऱ्यांची नावं द्यावी लागतील, आणि त्यांच्यावर कारवाई झाल्याची खात्री करूनच केंद्राने प्रस्ताव पुढे न्यायचा. 25 ऑक्टोबर 1980 नंतर व्यापारी कामासाठी दिलेली जमीन तर अतिक्रमणच धरायची. अतिक्रमण काढायला प्रत्येक जिल्ह्यात उपविभागीय अधिकारी, पोलीस उपअधीक्षक, सहायक वनसंरक्षक आणि भूमी अभिलेखचा तालुका निरीक्षक यांचं पथक, मुदत दोन वर्षं. तीन हेक्टरांपेक्षा लहान आणि कुठल्याही वनाला न लागलेले तुकडे राज्याला संरक्षित वन म्हणून जाहीर करता येतील. महसूल खात्याकडे उरलेली जमीन वर्षभरात वन खात्याकडे. खाजगी संस्थेला यातली जमीन कोणत्याही कारणाने द्यायची नाही, ही अट या निकालातली सर्वांत मोलाची आहे. तिच्यामुळे निदान पुढची लूट थांबते.

गावाने आता काय करावं, तर पहिल्यांदा कागद जमवावे. निस्तार पत्रक, 1954-55 चे अधिकार अभिलेख, चालू सातबारा आणि गाव नमुना एक-अ, म्हणजे वनजमिनीची नोंदवही. हे चारही समोरासमोर ठेवून एकेक खसरा तपासावा. इथे नेहमी तीन ठिकाणी घोळ होतो. जुना खसरा आणि आताचा भूमापन क्रमांक जुळत नाही. क्षेत्र एकात एकरांत आणि दुसऱ्यात हेक्टरांत असतं (एक एकर म्हणजे 0.40 हेक्टर), आणि बदलताना आकडा चुकतो. शिवाय खसऱ्याचा एक हिस्साच झुडपी असतो, पण शेरा अख्ख्या क्रमांकावर पडतो. तिसरी चूक सर्वांत महागात पडते, कारण तिच्यामुळे गावठाणालगतची घरंही वनात मोजली जातात. ती निस्तरायला भूमी अभिलेखकडून हिस्सामोजणी करून घ्यावी लागते. तोंडी सांगून ती सुधारत नाही.

मग 1996 पूर्वीच्या वाटपाचा पुरावा. वाटपाचा आदेश आणि त्यावरचा राजस्व मामला क्रमांक हा मुख्य कागद. तो नसेल तर त्या क्रमांकाचा फेरफार आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातल्या मामल्याच्या नस्तीची नक्कल मागावी. कर पावती, वीज जोडणी, शाळेची दाखल-खारीज नोंदवही यांनी ताबा दिसतो, सक्षम अधिकाऱ्याचा आदेश सिद्ध होत नाही. हा फरक न कळल्याने पावत्यांचा गठ्ठा घेऊन गेलेली माणसं रिकाम्या हाताने परततात. प्रस्ताव जिल्ह्याचा एकत्रित जाणार असल्याने आपला खसरा यादीत आहे का, हे आधीच लेखी विचारून पोच घ्यावी. यादीत सुटलेलं नाव नंतर घालणं फार कठीण.

ज्यांच्याकडे आदेशच नाही पण जे पिढ्यांपासून जमीन कसतात, त्यांचा मार्ग वेगळा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यातल्या 'वनजमीन' या व्याख्येत अवर्गीकृत आणि मानीव (वन म्हणून धरलेली) वनंही येतात. म्हणजे झुडपी जंगल वन ठरलं, तर हा कायदाही तिथे लागू होतो. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ताबा असेल तर आदिवासी शेतकऱ्याला नमुना 'अ'मध्ये चार हेक्टरांपर्यंत दावा करता येतो. इतरांना तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं, आणि तिथेच 1954-55 चे अभिलेख कामी येत असले तरी बहुतेकांचे दावे पडतात. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत हटवता येत नाही, असं कलम 4(5) सांगतं. पथक दारात येण्याआधी दावा वनहक्क समितीकडे दाखल असायला हवा, आणि पावती घरात.

शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता यांसाठी त्याच कायद्याचं कलम 3(2) आहे. प्रत्येक कामाला एक हेक्टरहून कमी जमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस. यादी तेरा कामांची आहे. स्मशानभूमी आणि ग्रामपंचायतीची इमारत तिच्यात नाही. ठराव लिहिताना हे ध्यानात ठेवावं, नाहीतर एका नावासाठी सगळा प्रस्ताव परत येतो.

राहिली गुरं. उरलेली जमीन वन खात्याकडे जाऊन तिथे भरपाई वनीकरण होणार, म्हणजे चर खोदून, तार ओढून रोपवन. उथळ मुरमावर साग नीट धरत नाही, आणि गवत मात्र बंद होतं. मग गुरं शेतात शिरतात नाहीतर बाजारात जातात. तितर, ससे, रोही यांचं रानही हेच. न्यायालयाने वन वाचवलं, पण ज्या चराईसाठी हा रकाना लिहिला गेला तिची तरतूद गावालाच करून घ्यावी लागेल. निस्तार हा शब्द वनहक्क कायद्याच्या कलम 3(1)(ब) मध्ये आजही जसाच्या तसा आहे. नमुना 'ब'मध्ये चराई आणि निस्ताराचा, नमुना 'क'मध्ये सामूहिक वनसंपत्तीचा दावा ग्रामसभेने करायचा असतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला असा हक्क 2009 मध्ये मिळाला, 1,809 हेक्टरांवर. दाव्याला पुरावा म्हणून जोडायचा पहिला कागद निस्तार पत्रकाची प्रमाणित नक्कल. ती तहसील कचेरीत मिळते, आणि हस्तांतरणाचा पंचनामा होण्याआधीच काढून ठेवावी.