कुरडई लाल का पडते?

तळलेली कुरडई लालसर निघाली की दोष तेलावर जातो. तेल बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं. चूक आठवडाभर आधी, चीक निवळायला ठेवलेल्या पातेल्यात झालेली असते.

गव्हाच्या दाण्यात साधारण 60 ते 70 टक्के स्टार्च आणि 10 ते 13 टक्के प्रथिनं असतात. कुरडईला हवा फक्त स्टार्च. म्हणून 1 किलो गहू निवडून, धुऊन 3 लीटर पाण्यात 3 दिवस भिजवायचा आणि पाणी रोज बदलायचं. एप्रिल-मेच्या उकाड्यात दिवसातून दोनदा. या पाण्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू वाढतात. आंबूस वास येतो तो त्यांचाच आणि तो यायलाच हवा. आम्लामुळे प्रथिनांची पकड सैल होते आणि स्टार्च सुटा होतो. कुजकट वास मात्र पाणी बदलायला उशीर झाल्याचा. दाणा चिमटीत दाबल्यावर दुधासारखा पांढरा चीक बाहेर आला की गहू वाटायला घ्यावा. गहू सतत पाण्याखाली बुडालेला हवा. उघड्यावर पडलेल्या दाण्याला मोड फुटू लागतो, मोडाबरोबर स्टार्चची साखर होऊ लागते, आणि ती साखर पुढे कढईत नडते.

वाटलेला गहू भरपूर पाण्यात कालवून, पिळून, पातळ फडक्यातून दोनदा गाळायचा. चोथा टाकायचा नाही, त्याच्या भुसवड्या होतात. गाळलेलं पाणी रात्रभर अजिबात न हलवता ठेवलं की सकाळी तीन थर दिसतात. वर पिवळट पाणी, मध्ये करडा बुळबुळीत साय असावी तसा थर, तळाशी घट्ट पांढरा चीक. स्टार्चचे मोठे कण जड, ते आधी तळ गाठतात. बारीक कण, प्रथिनं आणि कोंड्याचा भुगा मागे रेंगाळतो, तोच हा मधला थर. इथे हात आखडतो. एवढं कशाला वाया घालवायचं म्हणून तो थर चिकातच मिसळला जातो, आणि कुरडई लाल पडण्याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं. प्रथिनं आणि साखर एकत्र तापली की तपकिरी रंग धरतात. भाकरीवरचे डाग याच क्रियेतून उमटतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेलार्ड यांनी 1912 साली तिची नोंद केली, म्हणून ती मेलार्ड अभिक्रिया. थर चमच्याने खरवडून काढावा, चिकात पुन्हा पाणी घालून ढवळावं आणि आणखी एकदा निवळू द्यावं. कुरडई पांढरीशुभ्र होते.

शिजवताना वाटीभर चिकाला वाटीभर पाणी. पाण्याला उकळी आली की मीठ आणि हिंग घालायचा. मीठ हात राखूनच, कारण वाळल्यावर पाणी उडतं आणि खारटपणा वाढतो. चीक बारीक धारेने सोडत न थांबता हाटायचा. एकाच दिशेने हाटायचा नियम घरोघर सांगतात. दिशा कुठलीही चालते, हात थांबला की मात्र गुठळ्या झाल्याच. गव्हाचा स्टार्च 60 अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी पिऊन फुगू लागतो, पण तेवढ्यावर तो शिजत नाही. पांढरा रंग जाऊन चीक काचेसारखा पारदर्शक, चकचकीत झाला आणि ओल्या बोटाला चिकटेना, की मंद आचेवर झाकून 5-7 मिनिटं वाफ द्यावी. कच्चा राहिलेला चीक सोऱ्यातून तुटक पडतो, वाळताना त्याचे तुकडे होतात आणि तळल्यावर तो फुलत नाही. (वाटीभर गरम चीक तेल-तिखट घालून खायला पोरं चुलीजवळ घुटमळतातच, तो हिशोब आधीच धरावा.)

कुरडया गरम असतानाच घालायच्या. गार होताना स्टार्चचे लांब रेणू पुन्हा एकमेकांना धरतात; त्यामुळे घातलेल्या तारेचा आकार टिकतो, पण सोऱ्यात गार झालेला चीक दाबता दाबत नाही.

वाळवणाला मराठवाड्याचा उन्हाळा वरदान आहे. परभणी-नांदेडकडे दुपारी पारा 40 अंशांपुढे जातो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हवा कोरडी असते. उन्ह लागलं तरी हवा दमट असेल तर ओल निघत नाही. सकाळी 9 च्या आत कुरडया घालून संपवाव्यात, म्हणजे पहिल्याच दिवशी पूर्ण ऊन मिळतं. संध्याकाळी उलटायच्या. अशी 2-3 ऊनं पुरतात. मध्येच अवकाळीचं आभाळ आलं तर गोळा करून डब्यात भरू नयेत, बुरशी धरते. घरात पसरून पंखा लावावा.

वाळलेली कुरडई कट् आवाज करत मोडते, तरी तिच्यात थोडी ओल उरलेली असतेच. कडक तापलेल्या तेलात त्या ओलीची क्षणात वाफ होते, मऊ झालेला स्टार्च ती वाफ फुगवते आणि तार जाड होते. तेल कोमट असेल तर वाफ हळूहळू निसटते. कुरडई टणक, तेलकट राहते. तुकडा टाकून पाहावा, बुडून लगेच फुलत वर आला की तेल तयार.