दोन्ही स्विच पास, तरी नेटवर्क संथ

माहितीपत्रकावर ‘आयईईई ८०२.१डी प्रमाणानुसार’ (स्विचने रस्ते कसे ठरवायचे याचं प्रमाण) असं छापलेलं असलं, की तो स्विच, म्हणजे नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणारं यंत्र, कोणत्याही कंपनीच्या स्विचशी बिनबोभाट जुळणार, हा समज पुण्यातल्या कॉलेजांच्या खरेदी समित्यांपासून हिंजवडीतल्या नवख्या इंजिनिअरांपर्यंत सगळीकडे आहे. तो चुकीचा आहे. कन्फॉर्मन्स टेस्टमध्ये (प्रमाण पाळलं जातं का, याच्या चाचणीत) वेगवेगळे पास झालेले दोन स्विच एकत्र आले की चुकीचा रस्ता निवडू शकतात.

इथरनेट फ्रेमला, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटाला, आयुष्याची मर्यादा नसते. स्विच गोलात जोडले तर ब्रॉडकास्ट (सर्वांसाठी पाठवलेली) फ्रेम फिरतच राहते आणि थोड्याच वेळात नेटवर्क बसतं. म्हणून स्विच दर २ सेकंदांनी बीपीडीयू नावाचे छोटे संदेश पाठवून एक रूट (मुळाचा) स्विच ठरवतात आणि जादाचा रस्ता बंद ठेवतात. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधलेली ही स्पॅनिंग ट्री पद्धत, म्हणजे एसटीपी.

कुठला रस्ता ठेवायचा हे बेरजेवर ठरतं. रूटपर्यंतच्या प्रत्येक दुव्याची वेगानुसार ‘किंमत’ असते आणि सर्वांत कमी बेरीज जिंकते. जुन्या तक्त्यात १०० एमबीपीएसला १९, १ जीबीपीएसला ४, १० जीबीपीएसला २. पुढच्या वेगांना आकडेच उरेनात, म्हणून २००१ मध्ये नवा तक्ता आला: २,००,०००, २०,००० आणि २,०००. जुना तक्ता मूळ सेटिंगमध्ये ठेवणारे स्विच आजही मिळतात.

समजा, एका कॉलेजात रूट मुख्य इमारतीत आहे. तिथून ग्रंथालयाला आणि ग्रंथालयातून वसतिगृहाला १ जीबीपीएसची फायबर आहे. शिवाय वसतिगृहातून थेट मुख्य इमारतीला १०० एमबीपीएसची जुनी फायबर. सगळीकडे जुना तक्ता असेल तर ४ + ४ = ८, थेट रस्त्याचे १९; वेगवान रस्ता जिंकतो. सगळीकडे नवा असेल तर ४०,००० विरुद्ध २,००,०००; पुन्हा तोच. पण ग्रंथालयात नवा आणि वसतिगृहात जुना असला, तर वसतिगृहाचा स्विच २०,००० + ४ = २०,००४ ची तुलना १९ शी करतो आणि संथ फायबर निवडतो. एकाने भाव पैशांत सांगायचा, दुसऱ्याने रुपयांत ऐकायचा, असा हा प्रकार. बीपीडीयूत किमतीसाठी ४ बाइट आहेत. तक्ता कोणता हे सांगायला जागाच नाही.

अशा वेळी ‘बंद करून चालू करा’ हा तोडगा रॅकला बांधलेल्या लिंबू-मिरचीइतकाच कामाचा. स्विच पुन्हा तीच बेरीज करतो.

चाचणी सोपी आहे. टेस्टरचे (बीपीडीयू पाठवणाऱ्या आणि वाचणाऱ्या चाचणी यंत्राचे) दोन पोर्ट १ जीबीपीएसने स्विचला जोडा. पहिल्यावरून प्रायॉरिटी ४०९६ आणि किंमत २०,००० असलेला बीपीडीयू पाठवत राहा. स्विचची मूळ प्रायॉरिटी ३२७६८ असते आणि रूट ठरवताना कमी आकडा जिंकतो, त्यामुळे तो हा रूट मान्य करतो. दुसऱ्या पोर्टवर बाहेर पडणारी किंमत वाचा. २०,००४ आली तर तक्ता जुना, ४०,००० आली तर नवा. मग बीपीडीयूतलं मेसेज एज (माहितीचं वय) मॅक्स एजइतकं (वयाच्या कमाल मर्यादेइतकं) करून पाठवा; तो बीपीडीयू स्विचने टाकूनच द्यायला हवा. नाही टाकला, तर गेलेल्या रूटची शिळी माहिती नेटवर्कमध्ये फिरत राहते.

सिस्को कंपनीच्या स्विचवरच्या आयओएस या प्रणालीत ‘स्पॅनिंग-ट्री पाथकॉस्ट मेथड लाँग’ ही कमांड नवा तक्ता लावते. बदल रात्रीच करा: जुन्या एसटीपीत नव्याने उघडणारा पोर्ट १५ + १५ असे ३० सेकंद वाहतूक अडवून धरतो. नंतर वसतिगृहाच्या स्विचवर रूटपर्यंतची किंमत ४०,००० दिसते का, ते पाहा.