जॅझमधील कॉम्पिंग : पियानो आणि गिटार

कॉम्पिंग : जॅझ संगीतात एखादा वादक किंवा गायक उत्स्फूर्त विस्तार करत असताना पियानोवादकाने किंवा गिटारवादकाने कॉर्डच्या (एकत्र वाजवलेल्या स्वरांच्या गटाच्या) आधारे केलेली साथ. कोणत्या बारमध्ये (मात्रांच्या ठरावीक गटात) कोणती कॉर्ड येणार याचा आराखडा आधीच ठरलेला असतो. ती कॉर्ड कोणत्या स्वरांनी, कोणत्या सप्तकात, बारमधल्या कोणत्या क्षणी आणि किती लांबीची वाजवायची, हे मात्र साथीदार वाजवता वाजवता ठरवतो. त्यामुळे साथही एकलवादनाइतकीच उत्स्फूर्त असते. ऑर्गन आणि व्हायब्राफोनवरही कॉम्पिंग होते, पण ही कला घडली ती मुख्यतः पियानो आणि गिटारवर.

ख्यालाला हार्मोनियमची साथ ऐकत वाढलेल्या श्रोत्याला इथला फरक चटकन जाणवेल. हार्मोनियमवादक गायकाच्या सुरावटीची छाया धरून मागोमाग जातो; गायक थांबला की तीच जागा उचलून दाखवतो. कॉम्पिंग करणारा सुरावटीच्या मागे जात नाही. सुरावटीखालची हार्मनी (कॉर्डची चाल) आणि तिच्या सभोवतालची लय त्याने सांभाळायची असते, आणि एकलवादकाच्या दोन वाक्यांमध्ये जागा सुटली तर तिथे थोडे बोलायचे असते. पुष्कळदा तर काहीच न वाजवणे हीच त्या क्षणाची योग्य साथ असते.

शिकणाऱ्यांचा बहुतेक वेळ कॉर्डचे आकार पाठ करण्यात जातो. कॉर्ड लागतातच, पण साथ उभी राहते ती लयीवर. दोन स्वरांची कॉर्ड नेमक्या क्षणी वाजली तर बँड उसळतो. सहा स्वरांची देखणी कॉर्ड किंचित उशिरा पडली तर सगळे जड होते. म्हणून या नोंदीत लय आधी घेतली आहे.

जॅझचा नेहमीचा बार चार मात्रांचा. शिकणारे तो ‘वन-अँड-टू-अँड’ असा मोजतात. कॉम्पिंगमधला सर्वांत परिचित आकृतिबंध चार्ल्सटन नावाने ओळखला जातो : पहिला आघात पहिल्या मात्रेवर, दुसरा दुसऱ्या मात्रेनंतरच्या ‘अँड’वर, उरलेला बार मोकळा. हे नाव जेम्स पी. जॉन्सन यांच्या 1923 मधल्या त्याच नावाच्या गाण्यावरून आले. हा एकच आकृतिबंध अर्ध्या अर्ध्या मात्रेने पुढे सरकवत नेला की आठ वेगवेगळे आकृतिबंध हाती येतात, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा असतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेनंतरच्या ‘अँड’वर पडणारी साथ ही माइल्स डेव्हिस यांच्या 1950 च्या दशकातल्या पंचकात पियानो वाजवणाऱ्या रेड गारलंड यांची ओळखच होती. चौथ्या मात्रेनंतरच्या ‘अँड’वर पुढच्या बारची कॉर्ड आधीच वाजवली जाते. बार सुरू होण्याच्या अर्धी मात्रा अगोदर हार्मनी बदलते, आणि त्यामुळे संगीत सतत पुढे झुकलेले वाटते. नवशिक्याला ही गोष्ट सर्वांत अवघड जाते, कारण डोळ्यांपुढच्या कागदावर ती कॉर्ड अजून आलेली नसते.

कॉर्डची लांबीही लयीचाच भाग आहे. तीच कॉर्ड तोडून वाजवली तर ड्रमच्या आघातासारखी लागते, लांबवली तर एकलवादकाखाली पसरते. पियानोवर पेडल दाबून ठेवण्याची सवय म्हणूनच घातक. कॉम्पिंगमध्ये पेडल अगदी जपून वापरतात. गिटारवर हे काम डाव्या हाताचे : स्ट्रोक झाल्याबरोबर बोटांचा दाब सैल करायचा, बोटे तारांवरून उचलायची नाहीत.

आरंभीच्या जॅझमध्ये साथ म्हणजे चारही मात्रा भरणे. स्ट्राइड शैलीच्या पियानोवर डावा हात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खालचा स्वर व दुसऱ्या-चौथ्या मात्रेला मधल्या पट्टीतली कॉर्ड असा उड्या मारत असे. जॉन्सन आणि फॅट्स वॉलर हे या शैलीचे मोठे वादक. शिकागोत नाव कमावलेले पियानोवादक टेडी वेदरफर्ड 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होते, त्यामुळे अमेरिकन जॅझ पियानो मुंबईकरांनी त्या काळातच प्रत्यक्ष ऐकला. गोव्याच्या चर्चशाळांतून नोटेशन वाचायला शिकून आलेले वादक मुंबईच्या डान्स बँडमध्ये, आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत, मोठ्या संख्येने होते. 1978 पासून मुंबईत भरू लागलेल्या जॅझ यात्रा महोत्सवाने पुढच्या पिढीला आधुनिक जॅझही समोर बसून ऐकण्याची संधी दिली.

गिटारच्या साथीचा विषय निघाला की फ्रेडी ग्रीन यांच्यापाशी थांबावेच लागते. 1937 मध्ये ते काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात आले आणि 1987 मध्ये मृत्यू येईपर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, तिथेच राहिले. जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी विजेशिवायची, उंच तारांची गिटार वाजवली, एकल वादन जवळजवळ केलेच नाही, आणि प्रत्येक बारला चार स्ट्रोक दिले. बेसी, बासवर वॉल्टर पेज, ड्रमवर जो जोन्स आणि गिटारवर ग्रीन हा ताफा अजूनही लयवाद्यांचा मानदंड मानला जातो. ग्रीन यांची गंमत अशी की हात तीन स्वरांची कॉर्ड धरून असला तरी ऐकू येत बहुधा मधल्या तारांवरचे एक-दोन स्वर. त्या स्वरांची ओळ कॉर्डमागून कॉर्ड पायरी पायरीने सरकत जाते, आणि ब्रासच्या (ट्रंपेट-ट्रॉम्बोनच्या) गदारोळातूनही ती जाणवते. दुसऱ्या बाजूला स्वतः बेसी पियानोवर इतके थोडे वाजवत की त्यांचा एखादा स्वर पडला की सगळ्यांचे लक्ष जाई. चार मात्रा गिटार भरते आहे, मग पियानोने त्याच पुन्हा कशाला भरायच्या? आधुनिक कॉम्पिंगची बीजे या कामाच्या वाटणीत आहेत.

1940 नंतर हार्लेममधील मिंटन्स प्लेहाउससारख्या ठिकाणी बीबॉप ही जॅझची नवी शैली घडत गेली. ड्रमवादक केनी क्लार्क यांनी मात्रा मोजण्याचे काम बास ड्रमवरून राइड सिंबल या मोठ्या झांजेवर नेले. बासवादक चालती ओळ (दर मात्रेला एक स्वर) वाजवत होताच. आता पियानोच्या डाव्या हाताने मात्रा धरून ठेवण्याची गरज उरली नाही. बड पॉवेल यांचा डावा हात दोन-तीन स्वरांच्या तुटक कॉर्ड टाकू लागला, त्याही अनपेक्षित जागी. आज कॉम्पिंग म्हणून जे शिकवले जाते ते मुख्यतः इथून पुढचे.

आता स्वरांकडे. कॉर्डमधले, मूळ स्वरापासून मोजून, तिसरा आणि सातवा हे दोन स्वर तिची जात सांगतात : मेजर, मायनर की डॉमिनंट. मूळ स्वर बासवादक वाजवतो, आणि पाचवा स्वर बहुतेक वेळा सोडला तरी काही बिघडत नाही. सी मेजरमधला जॅझचा सर्वांत नेहमीचा क्रम घ्या : डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. पहिल्या कॉर्डमधले हे दोन स्वर एफ आणि सी. जी सेव्हनला जाताना एफ जागेवरच राहतो, सी अर्ध्या स्वराने उतरून बी होतो. तिथून सी मेजर सेव्हनला जाताना बी राहतो आणि एफ उतरून ई होतो. दर वेळी एकच बोट हलते, तेही शेजारच्या स्वरावर. कॉर्डचे नुसते आकार पाठ करणाऱ्याला ही हालचाल दिसत नाही, आणि त्याची साथ उड्या मारत जाते.

गिटारवर हे डोळ्यांनीच दिसते. डी मायनर सेव्हनसाठी सहाव्या, चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर दहावा फ्रेट (गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी) धरा. जी सेव्हनला मूळ स्वर पाचव्या तारेच्या दहाव्या फ्रेटवर जातो, चौथी तार नवव्या फ्रेटवर येते, तिसरी हलत नाही. सी मेजर सेव्हनला सहाव्या तारेवर आठवा आणि चौथ्या-तिसऱ्या तारांवर नववा फ्रेट. या तीन स्वरांच्या रूपांना शेल व्हॉइसिंग म्हणतात; व्हॉइसिंग म्हणजे कॉर्डच्या स्वरांची मांडणी. सोबत बासवादक असेल तर खालचा स्वरही सोडता येतो, आणि दोन तारांवरची ही जोडी एकटीच पुरते.

एफमधल्या ब्लूजमध्ये, म्हणजे बारा बारच्या फिरत्या आराखड्यात, या जोडीची ताकद कळते. चौथ्या तारेचा सातवा आणि तिसऱ्या तारेचा आठवा फ्रेट म्हणजे ए आणि ई फ्लॅट. ही एफ सेव्हन झाली. हाच आकार एक फ्रेट खाली सरकवला की ए फ्लॅट आणि डी, म्हणजे बी फ्लॅट सेव्हन. मूळ जागेवरून एक फ्रेट वर सरकवला की सी सेव्हन. दोन बोटे, तीन जागा, आणि साधा ब्लूज पूर्ण होतो. शिकणाऱ्याने काही आठवडे एवढेच वाजवावे असे या लेखकाचे मत आहे, कारण बोटांची चिंता संपली की कान लयीकडे आणि समोरच्या वादकाकडे वळतात.

पियानोवर पुढची पायरी मूळ स्वर वगळलेल्या व्हॉइसिंगची. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात गारलंड, बिल एव्हन्स, विंटन केली यांच्या डाव्या हातात ती पक्की झाली. वरच्याच क्रमात डी मायनरवर एफ-ए-सी-ई, जी सेव्हनवर एफ-ए-बी-ई, आणि सी मेजरवर ई-जी-बी-डी. इथेही पहिल्या बदलात एकच स्वर हलतो. ही व्हॉइसिंग मधल्या सीच्या आसपास ठेवावीत. एका सप्तकाहून जास्त खाली नेली की जवळजवळचे स्वर गढूळ होतात आणि बासच्या वाटेतही येतात.

असे चार लगतचे स्वर गिटारवर मात्र गैरसोयीचे पडतात. डी-एफ-ए-सी वरच्या चार तारांवर धरायचे तर हाताला आठव्यापासून बाराव्या फ्रेटपर्यंत ताणावे लागते. म्हणून वरून दुसरा स्वर एक सप्तक खाली टाकतात : ए-डी-एफ-सी. हे सहाव्या ते आठव्या फ्रेटमध्ये सहज बसते. या पद्धतीला ड्रॉप टू म्हणतात. गिटारवादकांचे बरेचसे काम याच आकारांवर चालते.

तिसऱ्याऐवजी चौथ्या स्वरांच्या अंतराने रचलेल्या कॉर्डचा सर्वांत प्रसिद्ध नमुना माइल्स डेव्हिस यांच्या 1959 च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ मधल्या ‘सो व्हॉट’ या रचनेत आहे. बासच्या प्रत्येक वाक्याला दोन कॉर्डचे उत्तर येते : ई-ए-डी-जी-बी आणि मग डी-जी-सी-एफ-ए. गिटारच्या पहिल्या पाच तारांवर यातली पहिली कॉर्ड सातव्या फ्रेटवर, दुसरी तार तेवढी आठव्यावर, आणि पुढची दोन फ्रेट खाली. जॉन कोल्ट्रेन यांच्या चौकडीत मॅक्कॉय टायनर यांनी या चौथ्यांच्या कॉर्डवर अख्खी शैली उभी केली. त्यांच्या डाव्या हाताचे खालचे पाचवे अंतर आणि उजव्या हाताचे चौथ्यांचे थर यांत कोल्ट्रेन यांना हवे तितके दूर जाता येत असे.

ऐकण्याबद्दल हर्बी हॅनकॉक यांनी अनेकदा सांगितलेली हकिकत बोलकी आहे. डेव्हिस यांच्या एकलवादनाच्या ऐन रंगात त्यांच्या हातून साफ चुकीची कॉर्ड पडली. डेव्हिस क्षणभर थांबले आणि त्यांनी असे स्वर वाजवले की ती कॉर्ड बरोबर ठरली. कॉम्पिंग करणारा एकलवादकाचे ऐकतो तसाच एकलवादकही त्याचे ऐकत असतो, आणि म्हणून घाबरत, अर्ध्या आवाजात टाकलेल्या कॉर्डचा कोणालाच उपयोग होत नाही. याच डेव्हिस यांनी 1954 च्या एका ध्वनिमुद्रणात थेलोनियस मंक यांना आपल्या वादनामागे पियानो थांबवायला सांगितले होते. सनी रॉलिन्स यांनी 1957 मध्ये व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये केवळ बास आणि ड्रम घेऊन वाजवले. साथीची कॉर्ड नसतानाही हार्मनी ऐकू येते, हे अशा ध्वनिमुद्रणांतून शिकणाऱ्याला कळते आणि बार न् बार भरण्याची घाई कमी होते.

सरावासाठी मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावतात, म्हणजे पहिली मात्रा स्वतःच्या मनात धरावी लागते. धून गात गात साथ करणे हा दुसरा उत्तम मार्ग : आवाज थांबेल तिथेच हात चालेल. जेमी एबरसोल्ड यांनी 1967 पासून काढलेल्या सरावाच्या ध्वनिमुद्रिकांत पियानो एका बाजूच्या स्पीकरला आणि बास दुसऱ्या बाजूला असतो. पियानोची बाजू बंद केली की शिकणाऱ्याला खऱ्या बास-ड्रमबरोबर बसता येते. त्यात उणीव एकच : तो बँड तुमचे ऐकत नाही. म्हणून महिन्यातून दोनदा का होईना, एखाद्या सॅक्सोफोनवादकाबरोबर किंवा गायिकेबरोबर बसणे आवश्यक आहे. गायिकेला स्वर पकडायला आधार लागतो, तेव्हा साथ जरा भरीव हवी. बासचे एकलवादन सुरू झाले की हात आखडता घ्यावा, आवाज उतरवावा, अगदी थोड्या, छोट्या कॉर्ड टाकाव्यात.

पियानो आणि गिटार एकाच बँडमध्ये असतील तर अडचण उभी राहते. दोघांनी एकाच कॉर्डवर वेगवेगळे वरचे स्वर निवडले की खटका उडतो, आणि लयी एकमेकींत अडकतात. सोपा उपाय म्हणजे आळीपाळीने एकाने थांबणे. दुसरा उपाय ऑस्कर पीटरसन यांच्या ड्रमविरहित त्रिकुटात ऐकू येतो : हर्ब एलिस गिटारवर चार मात्रा धरतात, पियानो मोकळा सुटतो. तिसरा, आणि सर्वांत अवघड, बिल एव्हन्स आणि जिम हॉल यांच्या 1962 च्या ‘अंडरकरंट’ या ध्वनिमुद्रिकेत सापडतो. तिथे बास नाही, ड्रम नाहीत. ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ त्यांनी द्रुत लयीत घेतले आहे. एव्हन्स यांच्या वादनामागे हॉल एका टप्प्यावर ग्रीन यांच्यासारखे चारही मात्रांवर हलके स्ट्रोक देतात, तर इतरत्र दोन स्वरांच्या तुटक कॉर्डवर उतरतात. हॉल यांच्या पाळीला एव्हन्स आपला डावा हात जवळजवळ रिकामा ठेवतात. शिकणाऱ्याने हे ध्वनिमुद्रण एकदा फक्त गिटारसाठी आणि एकदा फक्त पियानोसाठी ऐकावे. त्याच्या जोडीला ‘काइंड ऑफ ब्लू’ मधली ‘फ्रेडी फ्रीलोडर’ घ्यावी. बी फ्लॅटमधला हा बारा बारचा ब्लूज त्या तबकडीवर विंटन केली यांनी वाजवला आहे, बाकीच्या रचनांवर एव्हन्स आहेत. त्यामुळे एकाच बँडमागे दोन साथीदारांचे दोन स्वभाव लागोपाठ ऐकायला मिळतात : केली यांची साथ उसळती आणि ब्लूजमध्ये मुरलेली, एव्हन्स यांची सावकाश आणि पसरट.