स्पष्ट दिसते, म्हणून डोळ्याचा पडदा निरोगी?
‘मधुमेह असला तरी अक्षरे स्पष्ट दिसत असतील तर डोळे तपासण्याची गरज नाही,’ हा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. तो स्वाभाविक असला तरी खरा नाही. रक्तातील वाढलेल्या साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यातील (डोळ्याच्या आत मागे असलेल्या, प्रकाश टिपणाऱ्या थरातील) केशवाहिन्यांच्या, म्हणजे अतिशय बारीक रक्तवाहिन्यांच्या, भिंती कमकुवत होतात, त्यांना सूक्ष्म फुगवटे येतात आणि त्यांतून रक्त व द्रव पाझरू लागतो. मात्र पडद्याचा मध्यभाग जोवर या बिघाडापासून वाचलेला असतो, तोवर रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही. अक्षरांचा तक्ता नेमका हा मध्यभागच तपासतो. म्हणून खात्री करायची तर थेंब घालून बाहुली मोठी करून पडदा पाहून घ्यावा (नंतर काही तास धूसर दिसते, तेव्हा गाडी स्वतः चालवू नये). टाइप 2 मधुमेहात ही तपासणी निदान होताच आणि पुढे साधारणपणे दरवर्षी करतात, कारण साखर निदानाच्या कित्येक वर्षे आधीपासून वाढलेली असू शकते.