विषारी सापांचे फोटो काढणं (खानदेश)

विषारी सापाला हात न लावता, त्याची वाट न अडवता, तो जिथे आहे तिथेच लांबून त्याचा फोटो घेण्याची पद्धत. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही साप आहेत. फोटो दोन तऱ्हेने निघतात, एक तर केळीच्या बागेत नाहीतर पऱ्हाट्यांच्या ढिगात "जनावर निघालं" म्हणून फोन आल्यावर सर्पमित्र काढतो ते, आणि दुसरे यावल, अनेर या अभयारण्यांच्या बाजूला पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन फिरून काढलेले. गडबड होते ती जास्त करून पहिल्यात.

साप लांबून, नक्षीवरून ओळखायची रीत जुनी आहे. सुश्रुतसंहितेत (काळाबद्दल मतं बरीच वेगळी, साधारण इसवी सनाच्या अलीकडची-पलीकडची काही शतकं धरतात) फणावाले ते दर्वीकर, गोल ठिपक्यांचे मंडली, पट्ट्यांचे राजिमान असे गट केलेत, ते ढोबळमानाने नाग, घोणस, मण्यार यांना लागू पडतात, फुरसं मात्र त्यात सरळ ओळखू येत नाही. मंडलींच्या यादीत 'गोनस' हे नाव आहे, म्हणजे गायीसारख्या नाकाचा, आणि त्यावरूनच मराठी घोणस आलं असं एक मत. दुसरं मत 'घोणा' म्हणजे नाक या शब्दाकडे जातं, आणि घोणशीच्या नाकपुड्या खरंच मोठ्या असतात त्यामुळे ते पटतंही, पण 'गोनस' जुन्या यादीत थेट सापडतो म्हणून पहिलं मत जास्त टिकाऊ वाटतं, 'घोणा'चा आधार नंतर जोडला गेला असावा. घोणशीच्या शास्त्रीय नावातलं 'डबोया' हे हिंदी 'दबना'वरून, म्हणजे दबून बसणारी, असं सांगतात. पाचोळ्यात बसलेली घोणस पाय पडेपर्यंत दिसत नाही हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

अंतराचा हिशोब लेन्सवर ठरतो. १०० मिलिमीटरच्या मॅक्रो (जवळून बारीक टिपणाऱ्या) लेन्सने सेन्सरवर मूळ आकाराएवढी प्रतिमा (१:१) घ्यायची तर सेन्सरपासून सापाचं अंतर साधारण ३० सेंटीमीटर लागतं, पण त्यातलं अर्धं कॅमेरा आणि लेन्सच खातात, म्हणजे काचेच्या टोकापासून साप जेमतेम वीतभर, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की अंतराचा अंदाज तसाही सुटतो. म्हणून ३०० किंवा ४०० मिलिमीटरची टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी लेन्स) घेऊन दीड-दोन मीटरवर थांबणं बरं. साप साधारण आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत झेप घेतो असं धरतात, तेवढ्यावर विसंबू नये. जोडीदार हवाच, एकाचा डोळा कॅमेऱ्यात, दुसऱ्याचा सापावर.

ओळखीसाठी फोटो हवा तर वरून पाठ आणि बाजूने डोकं, एवढं पुरतं. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांच्यात नेहमी घोटाळा होतो. मण्यारीच्या पाठीच्या मधल्या ओळीतले खवले मोठे, षटकोनी असतात, कवड्याचे नसतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारीचे बहुतेक वेळा उलटे. साध्या मण्यारीला अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या १५ ओळी, वॉलची मण्यार म्हणतात त्या दुसऱ्या मण्यारीला सहसा १७, आणि ती वेगळी जात की सिंधी मण्यारीची उपजात यावर अजून वाद आहे. पण ओळी मोजायला म्हणून साप हातात धरणं हा मूर्खपणा.

फ्रिजमध्ये गार करून सुस्त केलेला साप, कुंडीखाली झाकून वेटोळं करायला लावलेला साप, फणा काढावा म्हणून काठीने डिवचलेला नाग, असे फोटो सुंदर दिसतात पण ते खोटे आहेत. आणि खानदेशात उन्हाचं वेगळंच. मे महिन्यात जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो, सापाला अंगाचं तापमान आतून सांभाळता येत नाही, दुपारी काळ्या तापलेल्या रानात पोज द्यायला ठेवलेला साप थोड्याच वेळात मरतो, आणि वर लोक म्हणतात सोडला तेव्हा चांगला होता. दगड उलटला तर परत तसाच ठेवावा. फ्लॅशबद्दल मतभेद आहेत. सापाला पापणी नसते, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, तेव्हा डिफ्यूझर (उजेड मऊ करणारा पडदा) लावून दोन-चार क्लिक, बास. जागेचं लोकेशन टाकू नये.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पकडणंसुद्धा शिकारीच्या व्याख्येत येतं. अभयारण्यात फोटोसाठी परवानगी लागते.

दंश झाला तर कापणं, चोखणं, भगत यात वेळ घालवू नये, हातपाय न हलवता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठावा. मण्यारीचा दंश कित्येकदा दुखतही नाही, म्हणून "काही झालं नाही" म्हणत घरी बसू नये. साप मारून डॉक्टरांना दाखवायची गरज नाही, लांबून मोबाईलवर घेतलेला फोटो असला तर ते बघतात, नसला तर लक्षणांवरून उपचार करतात, चौघांच्याही विषावर प्रतिविष एकच आहे.